गोठ्याचं दार स्वतः बनवायचंय? आधी खांबाचं बोलू

ज्यांना डेटा वाचवायचाय त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही टाकतोय.

आजचा विषय एकदम लोखंडी आहे. शेडचं, गोठ्याचं मोठं दार. दोन झडपांचं, ट्रॅक्टर आत जाईल एवढं. आमच्या काष्टीच्या बाजूला फॅब्रिकेशनवाले झडपेला पल्ला म्हणतात, मी दोन्ही शब्द वापरीन. हे दार आपण स्वतः बनवू शकतो का? शकतो. आता बऱ्याच वस्त्यांवर छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आलंय, ग्राइंडर तर घरोघरी आहे. मोबाईलवर व्हिडिओ तर विचारूच नका. ठिणग्या उडतात, मागे गाणं वाजतं, दोन मिनिटांत गेट तयार.

पण त्या व्हिडिओत काय दाखवतात? पल्ला दाखवतात. डिझाईन दाखवतात. पल्ला बनवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. तो कशाला टांगलाय, तो खांब कशात उभा आहे, कब्जा किती वजन ओढतोय, वारा आला तर काय धरून ठेवणार आहे, हे कुणी दाखवत नाही. मी आज जास्त वेळ त्याच्यावरच घालवणार आहे.

आधी आमच्याकडे हे दार का लागलं ते सांगतो. आमची वस्ती घोडच्या कालव्याच्या खालच्या अंगाला. तीन बाजूंनी ऊस, एका बाजूला लिंबाची बाग. ज्यांना श्रीगोंदा माहीत नाही त्यांना सांगतो, घोड आणि कुकडी या दोन कालव्यांनी आमच्या तालुक्याचा बराच भाग हिरवा केला. ऊस आला, आणि उसाच्या मागून बिबट्या आला. उसात त्याला लपायला जागा, प्यायला पाणी, आणि खायला कुत्री, डुकरं, शेळ्या. विद्या अत्रेय यांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कॅमेरे लावून अभ्यास केला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, शेती आणि माणसांनी भरलेल्या त्या पट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले. म्हणजे तो वाट चुकून आलेला पाहुणा नाही. तो इथलाच आहे. रात्री तो वस्तीवरनं जाणार, हे धरूनच चालायचं.

आमच्याकडे सात शेळ्या, दोन गाया आणि एक कालवड. शेडचा निम्मा भाग गोठा, निम्म्यात ट्रॅक्टर आणि पेंडीची पोती. आधी पुढच्या बाजूला बांबूचं फाटक आणि जाळी तारेनं बांधलेली असायची. शेजारच्या वस्तीवर रात्री करडू उचललं तेव्हा आमचे अण्णा एवढंच म्हणाले, "आता पक्कं कवाड पायजे. दिवाळीच्या आत." बास. मग मी वही घेऊन बसलो.

आता खांब.

आमची जमीन काळी. भारी काळी. उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की हात कोपरापर्यंत जातो. पावसाळ्यात तीच जमीन पाणी पिऊन फुगते. दरवर्षी फुगणं आणि आकसणं. आता तुम्ही त्या जमिनीत दोन फूट खड्डा घेऊन खांब रोवला, तर तो खांब जमिनीत उभा नाहीये, जमिनीवर तरंगतोय असं समजा. दोन पावसाळ्यांत तो एका बाजूला कलतो. आणि खांब वर फक्त एक इंच कलला की काय होतं माहितीये? दहा फूट उंच खांब एक इंच आत कलला, तर सहा फुटी पल्ल्याचं बाहेरचं टोक अर्ध्या इंचाहून जास्त खाली येतं. दोन्ही खांब आत कलले की दोन्ही पल्ले मधे एकमेकांवर चढतात. मग लोक काय करतात? पल्ला खालून कापतात. पुढच्या वर्षी परत कापतात. शेवटी दाराखाली एवढी फट होते की कोंबडी आरामात ये-जा करते. दाराचा दोषच नसतो त्यात.

म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्यायचा. आमच्याकडे साडेचार फुटांवर मुरूम लागला. काही रानात काळी सात-आठ फूट खोल असते, तिथं नुसतं खणत बसणं परवडत नाही. तिथं एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. दोन्ही खांबांना जमिनीखालून सळईच्या काँक्रीटच्या एका बीमने जोडायचं, उंबऱ्याच्या खाली. आणि वरनं पण एक आडवा बीम नाहीतर लोखंडी चॅनेल टाकायचं. झाली चौकट. आता जमीन हलली तरी दोन्ही खांब एकत्र हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. दाराला जमिनीशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त चौकट काटकोनात लागते. वाड्यांच्या जुन्या दारांना खाली जाडजूड उंबरा का असायचा, याचं हेही एक कारण आहे. लक्ष्मीची पावलं वगैरे ठीक, पण उंबरा दोन बाजू बांधून ठेवतो.

खांब भरताना त्यात कब्ज्यांच्या जागी लोखंडी प्लेट सोडायच्या, मागे सळईचे हूक वेल्ड केलेल्या, म्हणजे त्या काँक्रीटमध्ये घट्ट बसतात. नंतर खांब फोडून सळईला कब्जा वेल्ड करायचा जुगाड बरेच जण करतात. करू नका. तिथनंच पाणी शिरतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि खांब चिरतो. आणि काँक्रीटला वेळ द्या. आम्ही पंधरा दिवस गोणपाट गुंडाळून पाणी मारलं, तेवढे दिवस पल्ल्याला हात लावला नाही. आई रोज विचारायची, "झालं का रे तुझं दार?" खांबच झालेत गं आई.

आता पल्ला आणि वजन. इथं वहीत थोडं गणित लिहा, कामाला येतं.

आमचं तोंड बारा फूट रुंद, दहा फूट उंच. म्हणजे सहा बाय दहाचे दोन पल्ले. फ्रेमला चाळीस बाय चाळीस मिलिमीटरचा चौकोनी पाईप, दोन मिलिमीटर जाडीचा. हा मीटरला साधारण दोन किलो चारशे ग्रॅम भरतो. लोखंड आपण किलोवर घेतो, त्यामुळे वजन काढता आलं की खर्च पण आपोआप निघतो. एका पल्ल्याला कडेची चौकट, मधे दोन आडवे, आणि तीन तिरपे असा जवळजवळ वीस मीटर पाईप लागला. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो. त्यावर अर्धा मिलिमीटरचा पन्हाळी पत्रा पूर्ण लावला तर अजून पंचवीस किलो. कडी, कब्जे धरून पल्ला झाला पंच्याहत्तर किलोचा. तोच पत्रा सव्वा मिलिमीटरचा सपाट घेतला असता तर नुसता पत्राच पन्नास किलोच्या पुढे गेला असता. जड दार म्हणजे मजबूत दार, असा एक समज आहे. जड दार म्हणजे खांबावर आणि कब्ज्यावर जड दार, एवढंच खरं. ताकद पाईपच्या सांगाड्यात असते, पत्रा म्हणजे अंगावरचा सदरा.

तिरपा पाईप का? चार काठ्या घ्या, कोपऱ्यात एकेक खिळा मारा, चौकोन करा आणि एका बाजूनं ढकला. लगेच पतंगासारखा वाकडा होतो. आता त्यात एक तिरपी काठी मारा आणि ढकलून बघा. हलतच नाही. लाकडी दार करणार असाल तर तिरपी पट्टी कब्ज्याकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून बाहेरच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे. म्हणजे बाहेरचं टोक खाली यायला लागलं की ती दाबली जाते, आणि लाकूड दाब चांगला सोसतं. उलटी लावली तर ती ओढली जाते, खिळे सुटतात. लोखंडात वेल्डिंग असल्यामुळे दोन्ही दिशा चालतात. पण नुसती तार नाहीतर पातळ पट्टी लावून दार उचलून धरायचं असेल तर दिशा बरोबर उलटी, वरच्या कब्ज्यापासून बाहेरच्या खालच्या कोपऱ्याकडे, कारण तार फक्त ओढू शकते.

आता कब्जा, म्हणजे बिजागरी. पंच्याहत्तर किलोचा पल्ला, त्याचं वजन मधोमध, म्हणजे कब्ज्यापासून तीन फुटांवर आहे असं धरा. वरचा आणि खालचा कब्जा यांच्यात आठ फूट अंतर. मग वरच्या कब्ज्याला खांबापासून बाहेर ओढणारा जोर किती? पंच्याहत्तर गुणिले तीन, भागिले आठ. अठ्ठावीस किलो. आता समजा कब्जे जवळ जवळ लावले, चारच फुटांवर. जोर दुप्पट, छप्पन्न किलो. पैसा तोच, कब्जे तेच, फक्त जागा चुकीची. म्हणून कब्जे जेवढे वर आणि खाली नेता येतील तेवढे न्या. आणि पोरं दाराला लोंबकळणार, हे लिहून ठेवा. पंचवीस किलोचं पोरगं सहा फुटांवरच्या टोकाला लटकलं की वरच्या कब्ज्यावर अजून एकोणीस किलो.

मी मधे एक कब्जा वेगळा लावला, आणि खाली कब्ज्याऐवजी वाटी केली. म्हणजे काय, तर पल्ल्याच्या उभ्या पाईपखाली पंचवीस मिलिमीटरचा गोल गज, तो उंबऱ्यावर बसवलेल्या जाड लोखंडी वाटीत, आणि वाटीत एक बेअरिंगची गोळी. सगळं वजन सरळ खाली उंबऱ्यावर. वरच्या कब्ज्यानं फक्त ओढ धरायची. ही काही माझी अक्कल नाही. जुन्या वाड्यांची दारं बघा, त्यांना बिजागरीच नसायची. दाराच्या कडेच्या उभ्या लाकडालाच खाली-वर खुंटी ठेवलेली, खालची खुंटी दगडातल्या खळग्यात फिरायची. एवढाली सागवानी दारं शेकडो वर्षं अशी फिरली. आपल्याकडे फक्त दगडाच्या जागी बेअरिंग आलं. वाटीला खालून एक बारीक भोक पाडा, नाहीतर पावसाचं पाणी आणि शेण साचून गोळी गंजते.

जुन्या दारांवरून एक गंमत आठवली, आणि ती कामाची पण आहे. पुण्यात शनिवारवाडा बघितला असेलच, १७३२ सालचा. त्याचा दिल्ली दरवाजा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून बाहेरून लोखंडी खिळे, ते सगळ्यांना माहीत असतं, सेल्फी तिथंच काढतात. पण असली दारं आतल्या बाजूला उघडतात, आणि आतून अडसर लागतो. आडवं जाडजूड लाकूड, भिंतीतून सरकवून दारामागे आणायचं. कारण माणसं आत, शत्रू बाहेर. शत्रू ढकलणार, अडसर तोलून धरणार.

गोठ्याचं उलटं असतं. माणसं बाहेर, घरात झोपलेली. आत गाई-शेळ्या, त्यांना अडसर लावता येत नाही! मग दार आत उघडणारं केलं आणि बाहेरून कडी लावली, तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक धक्क्याला ती एकटी कडी तोंड देणार. म्हणून गोठ्याचं दार बाहेर उघडायचं, आणि चौकटीला आतून चारी बाजूंनी पट्टी मारायची. दार बंद झालं की पट्टीवर टेकतं. मग बाहेरून बिबट्या पंजे मारो, नाहीतर वारा रेटो, जोर सगळा चौकटीवर जातो, कडीला त्याची झळ लागत नाही. आतून गाय टेकली तर मात्र कडीवर येतं, तेवढ्यासाठी कडी चांगली ठेवायची. एक झडप आधी बंद होते, तिला वर-खाली उभी कडी. दुसरी तिच्यावर येते, तिच्या कडेला रुंद पट्टी म्हणजे मधली फट झाकली जाते.

खालच्या उभ्या कडीचं भोक हा एक डोकेदुखीचा विषय आहे. ते माती आणि शेणानं भरतं, मग कडी पुरती जात नाही, मग कुणीतरी ती न लावताच झोपतं. उंबऱ्यात हातभर पाईप गाडा, खालून उघडा, खाली खडी. घाण आत पडू दे, कडी पुरेल एवढी खोली राहते.

फटींचं सांगतो. बिबट्या दिसतो तेवढा जाड नसतो, आणि तो जमिनीला चिकटून सरपटतो. दाराखाली मी दोन इंचांपेक्षा जास्त फट ठेवली नाही, आणि खाली माती नाही, काँक्रीटचा उंबरा आहे, म्हणजे उकरता येत नाही. दाराच्या वरची जागा हवेसाठी मोकळी सोडतात, ती सोडू नका. तो सहज उडी मारून वर जातो. पण जनावराला हवा पाहिजेच, बंद डब्यात ठेवलं तर शेळ्या खोकायला लागतात. म्हणून खालचे चार फूट पत्रा आणि वर छतापर्यंत वेल्डमेश, म्हणजे प्रत्येक जोडाला वेल्ड केलेली जाड तारेची जाळी. कुंपणाला लावतो ती विणलेली जाळी नको, ती एका जागी ओढली की सगळी ढिली पडते. पत्रा कमी झाल्यामुळे वारा पण थोडा आरपार जातो. ट्रॅक्टरच्या बाजूला मात्र मी पूर्ण पत्रा घेतला.

तर वारा. आमच्याकडे वळवाचा पाऊस यायच्या आधी जे वादळ सुटतं ते ऐकूनच कळतं, उसातनं गाडी आल्यासारखा आवाज येतो. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढा वारा क्वचित येतो, पण शेड आणि दार बांधताना तोच धरायचा असतो. या वेगाला एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा रेटा येतो. आपला पूर्ण पत्र्याचा पल्ला साडेपाच चौरस मीटर. म्हणजे पाचशे किलोच्या वर! वेग निम्मा झाला तर रेटा पाव होतो, तरी एकशेतीस किलो. दोन माणसं दाराला टेकून उभी राहण्यासारखं.

आणि याचा संबंध छताशी आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. वादळात पत्रे उडतात तेव्हा आपण म्हणतो, वाऱ्यानं वरून ओढून नेले. ओढतो तो, पण पुढचं मोठं दार उघडं असेल तर वारा आत शिरतो, आतून फुगा फुगवल्यासारखा छताला वर ढकलतो. वरून ओढ आणि आतून ढकल, दोन्ही एकदम. जे-हूक किती धरणार? म्हणून आभाळ काळं झालं की आधी दार लावायचं, मग वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायच्या. उघडं ठेवायचंच असेल तर दार पूर्ण मागे नेऊन खांबाला नाहीतर जमिनीतल्या हुकाला अडकवायचं. मोकळं सोडलेलं पंच्याहत्तर किलोचं दार वाऱ्यात आपटलं तर मधे आलेल्या हाताची बोटं राहत नाहीत.

वेल्डिंगचं थोडक्यात, पण मन लावून ऐका. काळी काच लावल्याशिवाय एक टाकासुद्धा मारायचा नाही, "एकच तर मारायचाय" म्हणणाऱ्यांचेच डोळे रात्री पाण्यानं भरतात. पायात बूट, अंगात सुती कपडे, नायलॉनचा टी-शर्ट नको. जस्ताचा मुलामा असलेला पाईप असेल तर वेल्डच्या जागचा मुलामा आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा, त्या पांढऱ्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं की उतरतं वगैरे गोष्टींवर जाऊ नका, धूर नाकात गेलाच नाही पाहिजे. ओल्या जमिनीवर उभं राहून वेल्डिंग नको. मोटारीच्या पेटीतून उघड्या तारा खोचून मशीन चालवायचं नाही, गळती झाली की लाईन तोडणारा स्विच, ईएलसीबी, असलेल्या बोर्डातूनच घ्या. आणि कडब्याची गंजी! ठिणगी वीस फूट लांब जाते आणि कडब्यात शिरून दोन तासांनी पेटते. आम्ही सगळं काम गंजीपासून लांब, बैलगाडीच्या जुन्या जागेत केलं आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली.

पल्ला जमिनीवर सपाट जागी मांडायचा. चारी कोपऱ्यांना आधी फक्त टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे म्हणजे काटकोन बरोबर, गुण्या नसला तरी चालतं. पूर्ण वेल्डिंग एका कोपऱ्यात सलग करू नका, समोरासमोर थोडं थोडं करा. एका बाजूला सगळी उष्णता गेली की पाईप तिकडे ओढला जातो.

टांगायच्या दिवशी तीन माणसं लागतात. मी, अण्णा आणि माझा चुलतभाऊ. उंबऱ्यावर दोन इंची लाकडी ठोकळे ठेवले, त्यावर पल्ला उभा केला, वाटी आणि कब्जे जागेवर धरले. कब्जे एका ओळीत आहेत का हे ओळंब्यानं बघायचं, डोळ्यानं नाही. सोपी युक्ती म्हणजे वरच्या कब्ज्यापासून खालच्या वाटीपर्यंत दोरा ताणायचा, मधल्या कब्ज्याची पिन दोऱ्यावरच आली पाहिजे. ती पाव इंच जरी बाहेर असली तर दार फिरताना कब्जे एकमेकांशी भांडतात आणि करकर आवाज येतो. मग टाके, मग दार उघडून-लावून बघायचं, आणि नीट फिरलं तरच पूर्ण वेल्ड. अण्णांनी एका बोटानं ढकललं, ते सावकाश गेलं आणि मधे जिथं सोडलं तिथंच थांबलं. दार आपोआप उघडत किंवा लागत असेल तर समजायचं, ओळंबा चुकलाय. अजून एक, कब्ज्यातून दार उचलून बाहेर काढता येत असेल तर चोराला कुलूप तोडायची गरजच नाही. वरच्या कब्ज्याची पिन उलटी लावा, म्हणजे दार वर उचललं जात नाही.

मोठ्या दारातच मी एक छोटं दार ठेवलंय, अडीच बाय साडेपाच फुटांचं. दिंडी दरवाजा म्हणा. पहाटे धारेला आईला दहा फुटी पल्ला ओढायला नको, आणि शेळ्या पायातून बाहेर पळत नाहीत. त्याला कुलूप नाही, दुहेरी कडी आहे. गोठ्याला आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर किल्ली शोधायला वेळ नसतो. पेंडीची चोरी परवडली. आणि रात्री उघडायच्या आधी जाळीतून बॅटरी मारून आत बघायचं, आणि त्याच्याही आधी आपल्या पाठीमागे.

आता बऱ्याच जणांचा प्रश्न: सरकतं गेट का नको? जागा वाचते, वाऱ्यात आपटत नाही, खरं आहे. पण खालच्या रुळात ट्रॅक्टरच्या टायरचा चिखल बसतो, शेण बसतं. वरून टांगलेलं केलं तर वरचा बीम आणि त्याचे खांब चांगलेच दणकट पाहिजेत. आणि दुसरी गोष्ट सांगताना मला जरा थांबावं लागतं. २०२४ च्या जुलैच्या शेवटी, पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलला पोरं खेळत होती. सरकतं लोखंडी गेट सुटलं आणि एका छोट्या मुलीच्या अंगावर पडलं. ती गेली. सीसीटीव्हीतला तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर आला असेल. मी तो परत बघितला नाही.

कब्ज्यावरचं दार बिघडलं तर लटकतं, वाकतं, आवाज करतं, आपल्याला सांगतं. सरकतं गेट उभं असतं ते दोनच गोष्टींच्या जिवावर, वरचा गाईड आणि रुळाच्या टोकाचा अडथळा. त्यातलं एक नसेल तर ते दोन-तीनशे किलो लोखंड नुसतं तोल सांभाळून उभं आहे. तुमच्या घराला, सोसायटीला, शाळेला, गोडाऊनला असं गेट असेल तर आज जाऊन एवढं बघा: दोन्ही टोकांना पक्का वेल्ड केलेला अडथळा आहे का, तो गेटच्या चाकाला खरंच अडवतो का, वरचे दोन्ही रोलर जागेवर आहेत का, आणि त्यातला एक निघाला तरी गेट धरून ठेवेल असा दुसरा आधार आहे का. खालची झीज झालेली चाकं पण बघा, चाक झिजलं की गेट खाली बसतं आणि वरचा रोलर गाईडमधून सुटायला लागतो. टोकाचा अडथळा म्हणजे वीतभर अँगलचा तुकडा आणि दहा मिनिटांचं काम. तो बसेपर्यंत गेट साखळीनं बांधून ठेवा आणि पोरांना तिथं खेळू देऊ नका. कुणाच्या मालकीचं गेट आहे, हे नंतर भांडता येईल.

रोलिंग शटरचं पण विचारलंय काही जणांनी. दुकानाला छान. पण बारा फुटी तोंडाला वाऱ्यात त्याच्या पट्ट्या मधे फुगतात आणि बाजूच्या चॅनेलमधून सुटू शकतात, आणि गोठ्याला तर हवाच बंद. मी तरी घेणार नाही.

राहिला रंग. वेल्डवरचा काळा थर हातोडीनं काढून, तारेच्या ब्रशनं घासून लगेच रेड ऑक्साईड मारा. गोठ्यात लघवीचा अमोनिया असतो, लोखंड खालूनच खाल्लं जातं, त्यामुळे खालच्या फूटभराला दोन हात जास्त. पाईपची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर आत पाणी साचतं आणि आतून सडतं. कब्ज्यांना आणि वाटीला वर्षातून दोनदा ग्रीस, आम्ही पोळ्याला आणि शिमग्याला देतो म्हणजे विसरत नाही.

पुढच्या भागात कांदा चाळीची दारं घेऊ, तिथं सगळा हिशोब हवेचा आहे. तुमच्या शेडचं तोंड किती रुंद, जमीन कुठली, आणि मुरूम किती फुटांवर लागतो, एवढं लिहून पाठवा. नुसता फोटो पाठवून "भाऊ पाईप कुठला घेऊ?" विचारू नका, फोटोत खांबाचा पाया दिसत नाही.